इंग्रजीतले नाउन आणि त्यांचे प्रकार : कोटेशन, पाटी आणि ब्रँडच्या नावासाठी



आधी एक छोटं काम करा. तुमचं व्हिजिटिंग कार्ड, बिलबुक किंवा गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवलेलं शेवटचं कोटेशन समोर घ्या. त्यावरच्या इंग्रजी शब्दांवरून नुसती नजर फिरवा. दुकानाचं नाव, तुमचं नाव, गावाचं नाव, मालाची नावं, बॉक्स, किलो, डिलिव्हरी, डिस्काउंट, ॲडव्हान्स. जवळपास सगळी नावंच! क्रियापद शोधावं लागतं.

म्हणजे धंद्यातलं लिखाण मुख्यतः नामांवर चालतं. "मला इंग्रजी येत नाही, मी मोठ्या कंपनीला कोटेशन कसं पाठवू?" असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही चांगली बातमी आहे. टेन्सचे बारा प्रकार पाठ करत बसण्याआधी नाउन पक्कं करा. कागदावरचं बरंचसं इंग्रजी तिथंच सुधारतं.

शाळेत नाउनचा प्रकार चुकला तर एक मार्क जायचा. धंद्यात चुकला तर माल कमी येऊ शकतो, ब्रँडचं नाव रजिस्टर होताना अडकू शकतं, आणि कोटेशन वाचणाऱ्या परचेस मॅनेजरला वाटतं की पार्टी अजून नवखी आहे. म्हणून आज आपण नाउन शिकणार आहोत, पण आपल्या गल्ल्यावर बसून.

नाउन म्हणजे काय?

माणूस, जागा, वस्तू, प्राणी, गुण किंवा कल्पना यांना दिलेलं नाव म्हणजे नाउन, आपल्या मराठीत नाम. हे शाळेत झालंय. इंग्रजीत त्याचे नेहमी सांगितले जाणारे पाच प्रकार असे:

१. कॉमन नाउन, म्हणजे सामान्य नाम : शॉप, कस्टमर, पिकल, टाउन
२. प्रॉपर नाउन, म्हणजे विशेष नाम : पुणे, सविता, चितळे, मंडे
३. मटेरियल नाउन, म्हणजे पदार्थवाचक नाम : ऑइल, स्टील, कॉटन, फ्लोअर म्हणजे पीठ
४. कलेक्टिव्ह नाउन, म्हणजे समूहवाचक नाम : टीम, सेट, बंच, बॅच
५. ॲब्स्ट्रॅक्ट नाउन, म्हणजे भाववाचक नाम : क्वालिटी, ट्रस्ट, ऑनेस्टी

याशिवाय आणखी एक विभागणी आहे: काउंटेबल, म्हणजे मोजता येणारं, आणि अनकाउंटेबल, म्हणजे एक-दोन असं मोजता न येणारं. रोजच्या कामात सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. तिकडे येऊच. आधी नावापासून सुरुवात करू, कारण धंदा नावापासून सुरू होतो.

कॉमन नाउन सगळ्यांचं, प्रॉपर नाउन तुमचं

"मसाला" हे कॉमन नाउन. ते कुणाच्याही मालकीचं नाही. "बेडेकर" हे प्रॉपर नाउन. ते ऐकलं की एकच घर डोळ्यांसमोर येतं. इंग्रजीत प्रॉपर नाउनचं पहिलं अक्षर कॅपिटल लिहितात, कॉमन नाउनचं वाक्याच्या मधे लिहीत नाहीत. वार, महिने, सण, शहरं आणि भाषासुद्धा प्रॉपर नाउन आहेत. म्हणून इंग्लिश आणि मराठी हे शब्द इंग्रजीत लिहिताना पहिलं अक्षर कॅपिटलच हवं. उलट समर, विंटर या ऋतूंना कॅपिटल लागत नाही. डिस्काउंट, क्वालिटी, डिलिव्हरी या शब्दांना वाक्याच्या मधे कॅपिटल देऊन सजवायचीही गरज नाही.

इतकं व्याकरण. आता यातला पैशाचा भाग बघा.

समजा तुम्ही घरगुती मसाले सुरू करताय आणि ब्रँडचं नाव ठरवलंत "फ्रेश मसाला". छान वाटतं ना? पण फ्रेश हा मालाचा गुण झाला आणि मसाला हे कॉमन नाउन. दोन्ही शब्द बाजारातल्या प्रत्येक मसालेवाल्याला लागतात. भारताच्या ट्रेड मार्क्स ॲक्ट, १९९९ मधलं ९वं कलम सांगतं की जे नाव फक्त मालाचा प्रकार, गुण, उपयोग किंवा तो कुठून आला ते ठिकाण सांगतं, ते नाव सहसा रजिस्टर होत नाही. वर्षानुवर्षं वापरून लोकांच्या मनात ते तुमचंच झालंय असं सिद्ध करता आलं, तर गोष्ट वेगळी. पण नवीन माणसाकडे ती वर्षं नसतात. म्हणजे "बेस्ट पिकल", "नाशिक मसाला", "सॉफ्ट चपाती" अशी नावं पाटीवर शोभतील, पण उद्या शेजारच्यानं तेच नाव लावलं तर त्याला थांबवणं अवघड जाईल.

मग काय करायचं? कॉमन नाउनला प्रॉपर नाउन जोडायचं. ते तीन प्रकारे मिळतं.

पहिला मार्ग, आडनाव किंवा घरातलं नाव. चितळे, बेडेकर ही मराठी माणसाला पाठ असलेली उदाहरणं. दुसरा मार्ग, शब्द नेहमीचा पण मालाशी संबंध नसलेला. ॲपल हे फळासाठी कॉमन नाउन आहे. फळविक्रेत्याला ते ब्रँड म्हणून कुणी देणार नाही, पण कॉम्प्युटरवर बसलं की ते प्रॉपर नाउन होतं. तिसरा मार्ग, शब्द नवाच बनवायचा. जॉर्ज ईस्टमननं १८८८ साली कॅमेऱ्यासाठी "कोडॅक" हे नाव घेतलं. त्याला कोणत्याही भाषेत काही अर्थ नव्हता, म्हणूनच ते फक्त त्याचं राहिलं.

नाव ठरलं की लगेच पाटी रंगवायला टाकू नका. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सरकारी वेबसाइटवर तेच नाव कुणी आधी घेतलंय का ते शोधता येतं. माल आणि सेवा मिळून एकूण ४५ वर्ग आहेत. मसाले ३०व्या वर्गात येतात, कपडे आणि पादत्राणं २५व्या, खानावळ आणि केटरिंग ४३व्या. ऑनलाइन अर्ज केला तर एकट्या व्यक्तीसाठी, स्टार्टअपसाठी आणि लघुउद्योगासाठी सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. इतरांना ९,००० रुपये. अर्ज भरण्याआधी त्या दिवसाची फी वेबसाइटवर एकदा बघून घ्या. नोंदणी १० वर्षं चालते, नंतर नूतनीकरण करता येतं.

नाव फार मोठं झालं तर?

प्रॉपर नाउनचं कॉमन नाउन होऊ शकतं. आपल्याकडे दुकानात जाऊन माणूस म्हणतो, "या आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स द्या." मशीन कोणत्या कंपनीचं आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. वनस्पती तुपाला आपल्या आया-आज्या सरसकट "डालडा" म्हणायच्या. ही कंपन्यांची नावं होती, लोकांनी ती वस्तूची नावं करून टाकली.

ऐकायला कौतुक वाटतं, पण कंपनीच्या दृष्टीनं हा धोका असतो. अमेरिकेत ॲस्पिरिन, एस्कलेटर आणि थर्मॉस ही सगळी आधी खासगी नावं होती. १९२१, १९५० आणि १९६३ साली तिथल्या निकालांमध्ये ठरलं की हे शब्द आता सर्वसामान्य झाले आहेत. बचावासाठी कंपन्या काय करतात? आपल्या नावापुढं नेहमी कॉमन नाउन लावतात. नुसतं नाव न लिहिता नाव, आणि पुढं "फोटोकॉपीअर".

तुम्हीही तेच करा. पाकिटावर तुमचं प्रॉपर नाउन मोठं, आणि खाली मालाचं कॉमन नाउन स्पष्ट. हे फक्त ब्रँडसाठी चांगलं आहे असं नाही, कायद्यानंही लागतं. पॅक करून किरकोळ विक्रीला ठेवलेल्या मालावर त्या वस्तूचं सामान्य नाव लिहिणं लीगल मेट्रॉलॉजीच्या २०११ च्या पॅकेजिंग नियमांनुसार बंधनकारक आहे. तुमच्या पाकिटावर नुसतं "माऊली" छापून चालत नाही. आत हळद आहे की तिखट, तेही लिहावंच लागतं.

गावाचं नाव फुकट नसतं

आणखी एक प्रॉपर नाउन आपण फार सहज वापरतो, ते म्हणजे गावाचं नाव. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी दिसणारी चप्पल दाखवली. वर्णन होतं चामड्याच्या पादत्राणांचं, कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं. म्हणजे कॉमन नाउन होतं, प्रॉपर नाउन गायब. महाराष्ट्रातून टीका झाली, तेव्हा कंपनीनं भारतीय पारंपरिक कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. सगळी चर्चा एका नावाभोवती झाली, कारण पिढ्यान् पिढ्यांची मेहनत त्या नावात साठलेली आहे.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. कोकणच्या हापूसला ते २०१८ मध्ये मिळालं. तुम्ही त्या भागातले उत्पादक असाल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा आणि नाव अभिमानानं लावा. त्या भागातले नसाल तर ते नाव आपल्या लेबलवर लावू नका.

मटेरियल नाउन : माप लिहिल्याशिवाय ऑर्डर पाठवू नका

ऑइल, राइस, स्टील, सिमेंट, कॉटन, वायर, लेदर. ज्यापासून वस्तू बनते किंवा जो पदार्थ सुटा मिळतो, ते मटेरियल नाउन. हे बहुतेक वेळा अनकाउंटेबल असतात. "फाइव्ह ऑइल्स" म्हटलं तर पाच प्रकारची तेलं असा अर्थ होईल, पाच डबे असा नाही. म्हणून पदार्थाच्या आधी भांडं किंवा माप येतं: फाइव्ह लिटर्स ऑफ ऑइल, टू बॅग्ज ऑफ सिमेंट, थ्री शीट्स ऑफ प्लायवुड. यात अनेकवचन मापाचं होतं, पदार्थाचं नाही. लिटर्स, बॅग्ज, शीट्स यांना "एस" लागतो. ऑइल, सिमेंट, प्लायवुड जसेच्या तसे राहतात.

पण थांबा, नुसतं भांडं लिहूनही भागत नाही. "ट्वेंटी टिन्स ऑफ ऑइल" ही ऑर्डर व्याकरणानं बरोबर आहे, धंद्याच्या दृष्टीनं अर्धवट आहे. बाजारात तेलाचा डबा १५ किलोचाही मिळतो आणि १५ लिटरचाही. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एका लिटरचं वजन साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल भरतं साधारण १३.६ किलो. फरक डब्यामागे सव्वा किलोहून जास्त. वीस डब्यांवर २५ किलोपेक्षा अधिक! दोन सप्लायर्सचे दर तुम्ही शेजारी ठेवून बघताय, एकाचा डबा स्वस्त दिसतोय, आणि कारण फक्त हे की एकानं किलो धरलेत आणि दुसऱ्यानं लिटर.

वायरचंही तसंच. "टेन वायर्स" म्हणजे काय? दहा तुकडे, दहा मीटर की दहा बंडलं? बंडल म्हटलं तरी घरगुती वायरिंगचं बंडल बहुतेक ९० मीटरचं असतं, पण त्याहून मोठी बंडलंही मिळतात. म्हणून लिहा: टेन कॉइल्स ऑफ वायर, नाइंटी मीटर्स ईच.

सूत्र लक्षात ठेवा: संख्या, भांडं, भांड्याचं माप, मग पदार्थ. जीएसटीच्या टॅक्स इन्व्हॉइसवर मालाचं वर्णन, नग किंवा वजन आणि एकक लिहावं लागतं, ते याचसाठी. तिथले केजीएस, एमटीआर, एनओएस हे कोड म्हणजे मटेरियल नाउन मोजण्याची सरकारी पट्टीच समजा.

काउंटेबल आणि अनकाउंटेबल : इथं मराठी कान फसवतो

आता मुख्य विषय. चाचणी सोपी आहे. शब्दापुढं "हाउ मेनी" जमतं का "हाउ मच"? हाउ मेनी चेअर्स, हाउ मेनी बॉक्सेस, हाउ मेनी कस्टमर्स: हे काउंटेबल. हाउ मच फर्निचर, हाउ मच मनी, हाउ मच टाइम: हे अनकाउंटेबल.

अनकाउंटेबल नाउनचे तीन नियम:

पहिला, त्याला अनेकवचनाचा "एस" लागत नाही.
दुसरा, त्याच्याआधी "अ" किंवा "ॲन" येत नाही.
तिसरा, त्याच्यासोबत "इज" आणि "हॅज" येतं, "आर" आणि "हॅव" नाही.

उलट, काउंटेबल नाउन एकवचनी असेल तर त्याला एकटं सोडता येत नाही. "आय रन बेकरी" चूक. "आय रन अ बेकरी" बरोबर. मराठीत "मी बेकरी चालवते" म्हणताना "एक" लागत नाही, म्हणून इंग्रजीतही ते गळतं.

मग अडचण कुठं येते? आपण मराठीत विचार करतो आणि मराठीचं वचन इंग्रजीत नेतो. बघा:

"पैसे आले" हे मराठीत अनेकवचन. इंग्रजीत मनी एकवचन: द मनी हॅज कम.

"केस गळतात" हेही अनेकवचन. डोक्यावरच्या सगळ्या केसांना इंग्रजीत हेअर म्हणतात, हेअर्स नाही. ब्यूटी पार्लरच्या पाटीवर "हेअर केअर" बरोबर, "हेअर्स ट्रीटमेंट" चूक.

"दोन सल्ले दिले" म्हणून ॲडव्हायसेस? नाही. टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस.

"सगळी कामं करतो" म्हणून "वी डू ऑल वर्क्स"? नाही. ऑल काइंड्स ऑफ वर्क.

"पोहे झाले", "तांदूळ निवडले" हे आपल्याला अनेकवचन वाटतं. इंग्रजीत राइस इज.

आता कधी कधी मराठी मदतही करते. आपण "माहित्या" म्हणतो का? नाही. मग इन्फॉर्मेशन्ससुद्धा म्हणायचं नाही. आपण "सामानं आली" म्हणतो का? सहसा "सामान आलं" म्हणतो. मग लगेज, इक्विपमेंट, मशिनरी हेही तसेच.

पाट्यांवर आणि ब्रोशरमध्ये सर्रास दिसणारे, पण "एस" न लागणारे शब्द एकदा लिहून घ्या: फर्निचर, मशिनरी, इक्विपमेंट, ज्वेलरी, सॉफ्टवेअर, हार्डवेअर, स्टेशनरी, इन्फॉर्मेशन, फीडबॅक, ॲडव्हाइस, लगेज, ट्रान्सपोर्ट. मोजायचंच असेल तर पुढं काउंटेबल शब्द लावा: टू मशीन्स, थ्री पीसेस ऑफ फर्निचर, फोर आयटम्स ऑफ ज्वेलरी.

तुम्ही म्हणाल, "मग स्पायसेस, ऑइल्स, टीज असं छापलेलं दिसतं ते काय?" चांगला प्रश्न. तिथं अर्थ "प्रकार" असा असतो. वी सेल सिक्स टीज, म्हणजे सहा प्रकारचे चहा. प्रकार मोजताय तेव्हा काही अनकाउंटेबल शब्दांना "एस" चालतो. पण वर दिलेल्या यादीतल्या शब्दांना तेव्हाही नाही. तिथं "टाइप्स ऑफ फर्निचर" असंच लिहायचं.

एका "एस"नं अर्थ बदलणारे शब्द

हे पाच शब्द ॲग्रीमेंट आणि बिलात येतात, म्हणून नीट वाचा.

वर्क आणि वर्क्स. वर्क म्हणजे काम. वर्क्स म्हणजे कारखाना किंवा वर्कशॉप. म्हणून "इंजिनिअरिंग वर्क्स" ही पाटी अगदी बरोबर आहे. पण खाली "ऑल फॅब्रिकेशन वर्क्स डन" लिहिलंय, तिथं वर्क हवं.

डॅमेज आणि डॅमेजेस. डॅमेज म्हणजे नुकसान. डॅमेजेस म्हणजे कायद्याच्या भाषेत नुकसानभरपाई. करारात "पार्टी शॅल पे डॅमेजेस" दिसलं तर समजा, भरपाई द्यायची जबाबदारी लिहिलेली आहे. ते कुणावर आहे, ते वाचूनच सही करा.

कस्टम आणि कस्टम्स. कस्टम म्हणजे प्रथा. कस्टम्स म्हणजे सीमाशुल्क किंवा ते खातं. एक्स्पोर्टवाल्यांनी "कस्टम्स क्लिअरन्स" असंच लिहावं.

प्रेमिस आणि प्रेमिसेस. प्रेमिसेस म्हणजे जागा, इमारत आणि तिचा आवार. गाळ्याच्या भाडेकरारात हाच शब्द असतो. प्रेमिस म्हणजे गृहीतक. त्याचा भाड्याशी संबंध नाही.

गुड आणि गुड्स. माल या अर्थानं गुड्स नेहमी अनेकवचनी: द गुड्स आर रेडी. "द गुड्स इज डिस्पॅच्ड" नको, "द गुड्स हॅव बीन डिस्पॅच्ड".

कलेक्टिव्ह नाउन : समूह एक, माणसं अनेक

टीम, स्टाफ, कमिटी, ग्रुप, सेट, बॅच, लॉट हे शब्द अनेकांना मिळून एक नाव देतात. स्टाफ म्हणजे सगळे कर्मचारी मिळून. म्हणून "माय फाइव्ह स्टाफ्स" चूक, "फाइव्ह स्टाफ मेंबर्स" बरोबर.

बचत गटातल्या ताईंना गटाची ओळख इंग्रजीत लिहावी लागते, त्यांच्यासाठी नमुना: "अवर ग्रुप हॅज ट्वेल्व्ह मेंबर्स. द मेंबर्स मेक पापड अँड चटणी." पहिल्या वाक्यात ग्रुप एक, म्हणून हॅज. दुसऱ्यात मेंबर्स अनेक, म्हणून मेक. गटाबद्दल बोलताय की बायकांबद्दल, एवढं ठरवलं की क्रियापद आपोआप बरोबर येतं.

मालाच्या बाबतीत बॅच आणि सेट जपून वापरा. कपबशांचा सेट म्हणजे सहा कप आणि सहा बशा, की तीन कप आणि तीन बशा मिळून सहा नग? एकदा लिहून टाका: "वन सेट, सिक्स कप्स अँड सिक्स सॉसर्स". गिऱ्हाइकाशी नंतर वाद नको.

ॲब्स्ट्रॅक्ट नाउन : कमी वापरा, पुरावा द्या

क्वालिटी, ट्रस्ट, सर्व्हिस, सॅटिस्फॅक्शन, एक्सलन्स, कमिटमेंट. ही सगळी हाताला न लागणारी नावं. जाहिरातीत सगळ्यात जास्त हीच असतात, आणि गिऱ्हाईक सगळ्यात कमी हीच वाचतं. कारण "बेस्ट क्वालिटी" तुमच्या समोरचा दुकानदारही लिहितो. दोघांची पाटी सारखी झाली की गिऱ्हाईक शेवटी दर विचारतं.

उपाय सोपा आहे. प्रत्येक ॲब्स्ट्रॅक्ट नाउनला एक प्रश्न विचारा: "हे गिऱ्हाइकाला दिसतं कशात?" उत्तरात जे कॉमन नाउन किंवा आकडा येईल, तो लिहा.

डब्याच्या व्यवसायाचं उदाहरण घेऊ. "क्वालिटी अँड हायजीन" ऐवजी लिहा की डब्यात चार पोळ्या, एक सुकी भाजी, आमटी, भात आणि कोशिंबीर असते आणि डबा स्टीलचा असतो. "टाइमली सर्व्हिस" ऐवजी लिहा की दुपारचा डबा साडेबारापर्यंत पोहोचतो. फर्निचरवाल्यांनी "ड्युरॅबिलिटी" ऐवजी लाकूड कोणतं, प्लाय किती एमएमचा आणि वॉरंटी किती वर्षांची, ते लिहावं. अर्थात जे पाळू शकाल तेवढंच लिहा. आकडा दिला की गिऱ्हाईक तो धरून बसतं.

अनुभवाचंही असंच. "वी हॅव रिच एक्सपिरियन्सेस" असं लिहू नका. एक्सपिरियन्स म्हणजे कामाचा अनुभव, तो अनकाउंटेबल. एक्सपिरियन्सेस म्हणजे आयुष्यात आलेले प्रसंग. "फिफ्टीन इयर्स ऑफ एक्सपिरियन्स" लिहिलं की व्याकरणही बरोबर आणि आकडाही आला.

जाता जाता तीन छोट्या गोष्टी

नाउन दुसऱ्या नाउनच्या पुढं विशेषणासारखं आलं की एकवचनात राहतं. आपण मराठीत "पाच लिटरचा कॅन", "दहा फुटी शिडी" म्हणतो. तसंच इंग्रजीत: अ फाइव्ह-लिटर कॅन, अ टेन-फूट लॅडर. दुकानही "शू शॉप" असतं, "शूज शॉप" नाही.

आकड्यानंतर डझन, हंड्रेड, लाख एकवचनातच: टू डझन बॅंगल्स, फाइव्ह लाख रुपीज.

ॲपॉस्ट्रॉफी, म्हणजे वरचा स्वल्पविराम, मालकी दाखवतो. अनेकवचन करण्यासाठी तो लावत नाहीत. समोसाज, केक्स, बॉक्सेस यांत तो नको. चिल्ड्रन्स वेअर म्हणजे मुलांचे कपडे, तिथं तो हवा.

आता तुमची पाळी

ही एका काल्पनिक फर्निचर दुकानाची जाहिरात वाचा आणि चुका शोधा:

"वी आर डीलिंग इन ऑल टाइप्स ऑफ फर्निचर्स अँड ऑफिस इक्विपमेंट्स. अवर स्टाफ्स हॅव गुड एक्सपिरियन्सेस. बेस्ट क्वालिटी अँड ट्रस्ट. फॉर मोअर इन्फॉर्मेशन्स व्हिजिट शूरूम."

खाली बघण्याआधी कागदावर लिहा. झालं? आता ताडून बघा:

"वी डील इन ऑल टाइप्स ऑफ फर्निचर अँड ऑफिस इक्विपमेंट. अवर टीम हॅज फिफ्टीन इयर्स ऑफ एक्सपिरियन्स. फाइव्ह-इयर वॉरंटी ऑन एव्हरी टेबल. फॉर मोअर इन्फॉर्मेशन, व्हिजिट अवर शोरूम."

पाच "एस" गेले, दोन पोकळ शब्द गेले, दोन आकडे आले आणि स्पेलिंगही सुधारलं. क्रियापदात बदल फार थोडे. जाहिरात मात्र दुसऱ्याच दुकानाची वाटते.

या आठवड्याचा गृहपाठ एवढाच: तुमचं एक कोटेशन, एक पाकीट आणि तुमची पाटी घ्या. प्रत्येक नाउनखाली रेघ मारा आणि चार प्रश्न विचारा. हे नाव माझं आहे की सगळ्यांचं? हे मोजता येतं का? मोजता येत नसेल तर माप लिहिलंय का? आणि हा शब्द गिऱ्हाइकाला दिसतो का? जिथं उत्तर अडलं, तिथं पेन चालवा. पुढची प्रिंट काढण्याआधी हे करा, कारण छापून झालेल्या हजार पाकिटांवरचा एक चुकलेला शब्द पुसायला खोडरबर चालत नाही.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत धंदा जोरात चालू द्या!